वजन अडकलं की काटा सरळ माळ्यावर टाकावा. माझं मत, भांडायला या

फोंड्याची_मी
जानेवारीत 84.2 होते. एप्रिलच्या मध्यापर्यंत 76.8 झालं आणि तिथे जे अडकलं ते आज जून संपत आला तरी 76 आणि 77 च्या मधेच घुटमळतंय, म्हंजे दहा आठवडे झाले. खाणं तेच, चालणं पण पाऊस लागेपर्यंत तेच, ऑफिस सुटलं की पणजीत कांपाल ते मिरामार आणि परत, मग फोंड्याची बस. ज्याला विचारावं तो सांगतो मोटिव्हेशन सोडू नको. अरे पण ते सोडायला हातात तरी कुठे आहे?
माझा प्रॉब्लेम काटाच आहे असं मला वाटायला लागलंय. पोदेराचा, म्हंजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू यायच्या आधी मी काट्यावर उभी, आकडा दोनशे ग्रॅम खाली आला तर चहाबरोबर त्याची अर्धी पोळी (पावच तो, चपाती नव्हे), वर गेला तर रागाने दोन, वर लोणी. म्हंजे वाढवतोय कोण, मी का काटा? म्हणून ठरवलंय, चतुर्थीपर्यंत काटा बंद. कंबर मोजायची पंधरा दिवसांनी आणि जुना चुडीदार घालून बघायचा, बस. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासकट लिहा, नुसतं "सातत्य ठेवा ताई" नको.

म्हापशेकर
नाही पटलं. पेपर तपासायला दिलाच नाही म्हणून कोणी पास होत नाही. मी रोज काट्यावर उभा राहतो पण रोजचा आकडा बघून काही ठरवत नाही, सात दिवसांची सरासरी काढतो. रोजच्या आकड्यात पाणी, मीठ, पोट साफ झालं का नाही, सगळंच येतं. तुम्ही तो एकेक आकडा मनाला लावून घेताय, दोष त्या सवयीचा आहे. आणि एक विचारू का? 1 जूनपासून मासेमारी बंद आहे, तुमच्याकडे जेवणाला काय असतं सध्या?

डिचोलीची_सून
ताईंना माझा फुल सपोर्ट. म्हापशेकर, सरासरी वगैरे ठीक आहे हो, पण सगळ्यांचं डोकं एक्सेलसारखं चालत नाही. मी एका वर्षी दिवसातून चार चार वेळा वजन करायचे, आंघोळीच्या आधी, नंतर, जेवणानंतर, आणि शेवटी शेवटी पाणी प्यायला पण घाबरायला लागले. नवऱ्याने काटा उचलून त्याच्या भावाकडे नेऊन ठेवला, मी आठ दिवस बोलले नाही त्याच्याशी. आता वजन किती ते मला माहीत नाही आणि जेवते मात्र नीट.

फोंड्याची_मी
@म्हापशेकर जेवणाला काय असणार, मे मध्ये भरलेलं पुरुमेंत, म्हंजे पावसाळ्याची बेगमी. खारे बांगडे, सुक्या सुंगटांची किसमूर (सुकी कोळंबी आणि नारळाची कोशिंबीर), उकड्या तांदळाची पेज. तळलेलं काही नाही हां.

म्हापशेकर
बघा, मग सापडलं ना! खाऱ्या बांगड्याचं मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, एका दिवसात किलोभर पण वर दाखवू शकतं, ती चरबी नाही. शिवाय ताज्या माशाचं प्रोटीन गेलं आणि पेज वाढली. किसमुरीत सोय, म्हणजे खोवलेला नारळ, किती घालता? शंभर ग्रॅम ओला नारळ म्हणजे साधारण साडेतीनशे कॅलरी. आमच्या घरी "इल्ली सोय" (थोडीशीच) म्हणत म्हणत आई अर्धा नारळ खोवते आदोळीवर (विळीवर). तुमचं प्लॅटो (वजन अडकणं) वगैरे काही नाही, सोयीचा हिशेब चुकतोय.

शिवराक_सोमवार
हे "हिशेब चुकतोय" ऐकून जरा डोकं फिरलं. सगळं नारळावर ढकलू नका. वजन उतरलं की शरीराला लागणारं इंधन पण कमी होतं, 84 किलोचं अंग मिरामारला नेणं आणि 77 चं नेणं यात फरक आहेच ना. त्यात शरीर आपणहून पण खर्च आवरतं. केविन हॉल यांचा 2016 चा अभ्यास बघा, वजन उतरवण्याच्या टीव्ही स्पर्धेतले 14 जण, सहा वर्षांनी तपासले तर बसल्या जागी होणारा खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरींनी कमी. त्यामुळे माणूस आळशी झाला, चोरून खातो, हे लगेच म्हणू नये.
माझा सल्ला उलटाच आहे, दोन आठवडे डाएट सोडा. म्हंजे हादडा असं नाही, आहे ते वजन टिकेल एवढं पोटभर जेवा. ऑस्ट्रेलियात पुरुषांवर प्रयोग झालाय, दोन आठवडे डाएट, दोन आठवडे सुट्टी. सलग डाएट करणाऱ्यांपेक्षा यांचं जास्त उतरलं.

म्हापशेकर
तो प्रयोग मी पण वाचलाय. सलगवाल्यांना 16 आठवडे लागले, सुट्टीवाल्यांना 30, आणि जेवण प्रयोगवाल्यांनीच पुरवलं होतं. ताईंना डबा कोण पाठवणार? आणि टीव्हीवाल्या लोकांनी सरासरी 58 किलो उतरवले होते, तेही झपाट्याने, ताईंचे साडेसात उतरलेत. त्यांचं माप ताईंना कसं लावता? सुट्टी घ्या म्हटलं की आपल्याकडे श्रावणाआधी ती सुरू होते आणि चतुर्थीच्या नेवऱ्या (करंज्या) संपेपर्यंत चालते, हे तुम्हाला पण माहितेय.

शिवराक_सोमवार
माप लावत नाहीये, दिशा सांगतोय. आणि नेवऱ्यांना मधे आणू नका.

सांजचा_वारा
मधेच विचारते, ताई तुमचं वय काय? पंचेचाळीसच्या पुढे असाल तर एकदा डॉक्टरांकडे जाऊन या, थायरॉइडची तपासणी पण करून घ्या. माझी बहीण वर्षभर स्वतःला शिव्या घालत होती आणि निघालं थायरॉइड. गोळी सुरू झाल्यावर वजन काही धो धो उतरलं नाही हां, थोडंच उतरलं, पण निदान शिव्या घालणं थांबलं. बाकी ते वजन उतरवायचं आठवड्याचं इंजेक्शन आलंय त्याबद्दल इथे कोणी लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटतं.

डिचोलीची_सून
इंजेक्शनसाठी वेगळा धागा काढा हो, इथे आणलं तर उद्या सकाळपर्यंत दोनशे रिप्लाय होतील.

फोंड्याची_मी
तीन दिवसांनी लिहितेय. वय 46, थायरॉइड मार्चमध्ये केलं होतं, नॉर्मल आहे. म्हापशेकरांच्या बोलण्याचा राग आला होता हे खरं, पण सोमवारी सासूबाई खोवायला बसल्या तेव्हा ताट तसंच उचलून किचनच्या छोट्या काट्यावर ठेवलं. ताटाचं वजन वजा करून 210 ग्रॅम. चौघांत. ही सोय फक्त दुपारच्या हुमणाची (कालवणाची), किसमुरीची वेगळी. सासूबाई म्हणाल्या, "आतां नाल्लय मेजपाचो?" (आता नारळपण मोजायचा?) आणि दोन दिवस मला हुमण वाढताना वाटीत बघत पण नाहीत.
तर हिशेबाचं मान्य. पण मुद्दा सोडलेला नाही, अंगाचा काटा माळ्यावरच गेलाय. एप्रिलमध्ये कंबर 94 होती, काल 91 भरली, आणि हे तीन सेंटिमीटर त्या काट्याने दहा आठवड्यांत एकदा पण मला सांगितले नाहीत.

म्हापशेकर
म्हणजे एक काटा माळ्यावर आणि दुसरा ओट्यावर 😄 कंबर उतरली हे मस्तच, पण टेप पण आकडाच दाखवते ना हो. मग रोजची सरासरी काढायला काय हरकत होती?

फोंड्याची_मी
टेप मी सकाळी उपाशीपोटी घाबरत घाबरत बघत नाही, ही हरकत. ते जाऊदे, पोदेराची एक पोळी किती ग्रॅमची असते? आमचा पोदेर म्हणतो रोज सारखीच, माझ्याकडे दोन दिवसांत दोन वेगळे आकडे आलेत.