पुंगळीत दारू कोणती आणि किती? पिस्तुलाची काडतुसे हाताने भरण्यावरून एक वाद

मांडवीकाठ (पणजी)

चवथीला घरी आलेले माझे दोन भाचे अमेरिकेत स्थायिक आहेत आणि तेथील नियमांनुसार आपापल्या रिव्हॉल्व्हरची काडतुसे स्वतः भरतात. त्यांच्यात रंगलेला वाद येथे मांडावासा वाटला, कारण दारू आणि दाब यांचा संबंध प्रत्येक नेमबाजाला ठाऊक असायला हवा. धाकट्याचे म्हणणे असे की जलद जळणारी दारू घ्यावी. ती थोडी लागते, पैसे वाचतात आणि हलक्या भारातही (भार म्हणजे एका काडतुसात घातलेले दारूचे माप) ती एकसारखी जळते. थोरला मध्यम गतीची, आकाराने फुललेली, म्हणजे पुंगळीत अधिक जागा व्यापणारी दारू वापरतो. मी थोरल्याच्या बाजूचा आहे.

दारू निवडताना पहिला प्रश्न किमतीचा किंवा गोळीच्या वेगाचा नसून, चुकून दुप्पट माप पडले तर ते डोळ्यांना दिसेल का, हा असावा. दोघेही वापरतात ते .३८ स्पेशल हे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ्या दारूच्या हिशेबाने आखले गेले, म्हणून त्याची पुंगळी, म्हणजे दारू धरणारे धातूचे आवरण, लांब आहे. तिच्यात आजच्या जलद दारूचा हलका भार सुमारे तीन ग्रेनचा, म्हणजे ०.२ ग्रॅमहूनही कमी असतो आणि तो तळाशी जेमतेम दिसतो. दुप्पट माप पडले तरी वर गोळी सुखाने बसते आणि पुढचा बार रिव्हॉल्व्हरचे काडतुसे धरणारे चक्र फोडू शकतो. बचतीचे म्हणाल तर एका पौंडात ७००० ग्रेन असतात. जलद दारूच्या तीन ग्रेनने २३०० च्या वर काडतुसे भरतात, फुललेल्या दारूच्या पाच ग्रेनने १४००. गोळीचा आणि प्रायमरचा (दारू पेटवणाऱ्या टोपीचा) खर्च दोन्हीकडे तोच असल्यामुळे या फरकासाठी एवढी जोखीम घेणे मला पटत नाही.

अंत्रुज (फोंडा)

धागाकर्त्यांचा हेतू चांगला आहे, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. दारू दाबाखालीच नीट जळते. अमेरिकी मानकाप्रमाणे .३८ स्पेशलची कमाल दाबमर्यादा १७,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे, तर .३५७ मॅग्नम या अधिक जोरदार काडतुसाची ३५,०००. लक्ष्यभेदाच्या हलक्या भारात प्रत्यक्ष दाब त्या १७,००० च्याही बराच खाली राहतो आणि तेथे मंद दारू अर्धवट जळते, गोळीचा वेग बारागणिक बदलतो, आणि न जळलेले कण रिव्हॉल्व्हरच्या एक्स्ट्रॅक्टरखाली (रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाखाली) अडकून पुढचे काडतूस पूर्ण बसू देत नाहीत. बुल्सआय ही जलद दारू लक्ष्यभेदी नेमबाजांनी शतकाहून अधिक काळ उगाच वापरलेली नाही.

शिवाय मंद म्हणजे सुरक्षित, हा समज घातक आहे. हॉजडन कंपनीची एच ११० ही मॅग्नम काडतुसांची मंद दारू घ्या. तिचा भार उत्पादकाच्या भरणीच्या तक्त्यातील आकड्यापेक्षा तीन टक्क्यांहून अधिक कमी करू नये, असे कंपनीच बजावते, कारण कमी भारात ती नीट पेटत नाही आणि गोळी नळीतच अडकू शकते. अडकलेल्या गोळीमागे दुसरा बार काढला की नळी फुगते किंवा फाटते. दुप्पट मापाचा उपाय दारूच्या जातीत नाही, पद्धतीत आहे: भरलेल्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या कराव्यात आणि गोळी बसवण्याआधी विजेरीच्या प्रकाशात प्रत्येकीच्या आत पाहावे. हे करायला मिनिटभर लागत नाही, आणि ज्याला तेवढाही धीर नाही त्याने हा छंद सोडावा.

मांडवीकाठ (पणजी)

मॅग्नमची दारू .३८ मध्ये घाला, असे मी कुठेही म्हटलेले नाही. बुल्सआय आणि एच ११० यांच्यामध्ये युनिक, व्हिटाव्हुओरी एन ३४० अशा दारूंची मोठी रांग आहे. विजेरीची पद्धत उत्तमच आहे, पण ती माणसाच्या लक्षावर अवलंबून आहे आणि दोनशेव्या पुंगळीपाशी लक्ष पहिल्या पुंगळीइतके राहत नाही. मोठ्या पुंगळीतील चिमूटभर दारू हत्यार खाली झुकलेले असताना पुढे सरकते आणि वर असताना मागे, त्यानुसार वेग बदलतो, ही गोष्टही आपण गाळलीत.

डिचोलीवाला (डिचोली)

दोघेही दारूच्या प्रकारावरून भांडत आहात आणि मापाकडे दुर्लक्ष करीत आहात. तीन ग्रेनच्या भारात ०.१ ग्रेनची चूक म्हणजे तीन टक्क्यांहून अधिक फरक. इलेक्ट्रॉनिक तराजूवर पंख्याचा वारा आला तरी आकडा हलतो, म्हणून पंखा बंद करून ठरावीक अंतराने प्रमाण वजनाने पडताळणी करावी. तक्त्यातील किमान भारापासून सुरुवात करून थोडे थोडे वर जावे, आणि तक्ता ज्या गोळीसाठी दिला आहे तीच गोळी असावी. वजन सारखे असले तरी शिशाची गोळी आणि तांब्याचे कवच असलेली गोळी यांचे भार वेगळे असतात.

९ मिलिमीटर पिस्तुलाच्या आखूड पुंगळीत तर आणखी एक गोष्ट जिवावर बेतते. गोळी ठरल्यापेक्षा जराशी खोल बसली की आतली जागा घटते आणि त्याच भाराचा दाब झपाट्याने चढतो. प्रायमर चपटा झाला का हे पाहून दाब ओळखता येतो, असे अनेक जण सांगतात. .३८ सारख्या कमी दाबाच्या काडतुसात ही खूण दिसेपर्यंत मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. वेगमापक यंत्र घ्यावे. आयपीएससी या व्यावहारिक नेमबाजीच्या स्पर्धेत मायनर गटाला १२५ चा पॉवर फॅक्टर (गोळीचे ग्रेनमधील वजन गुणिले सेकंदाला फुटांतील वेग, भागिले हजार) लागतो. १२४ ग्रेनची गोळी सेकंदाला १०५० फूट गेली तर तो १३०.२ येतो. त्या गटात त्याहून जोर लावून गुण वाढत नाहीत, मग भार चढवायचा कशाला?

साळकाठ (मडगाव)

मी या चर्चेच्याच विरोधात आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याविना दारूगोळा तयार करता येत नाही, आणि त्या कायद्यातील व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग व तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. निवडणूक जवळ आली की परवान्याची बंदूकही पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, हे गोव्यात कुणाला सांगायला नको. हे सर्व वाचून एखाद्या तरुणाने परदेशातून येताना भरणीचे यंत्र सामानात टाकले, तर जबाबदार कोण?

अंत्रुज (फोंडा)

वकिली इशारा योग्य आहे आणि तो ठळक अक्षरांत राहू द्यावा. तथापि ज्ञान निरुपयोगी ठरत नाही. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल हा प्रकार आपल्याला परका नाही. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत जसपाल राणा यांनी त्यात ५९० गुणांसह जागतिक विक्रमाची बरोबरी केली होती. कारखान्याची काडतुसे वापरणाऱ्यालाही, बार नेहमीपेक्षा मंद वाजला तर ताबडतोब थांबून, हत्यार रिकामे करून नळी तपासायची असते, आणि ते का, हे दाबाचे गणित समजल्याशिवाय पटत नाही. साठवणीचेही तसेच आहे. उघड्या डब्यातील दारू आपल्या पावसाळ्यासारख्या हवेत ओलावा धरते आणि मंदावते, तर अतिकोरड्या हवेत जलद जळते. उन्हात तापलेल्या गाडीत ती ठेवणे त्याहून वाईट.

मांडवीकाठ यांना एकच विचारतो. थोरल्या भाच्याच्या दारूचा उत्पादकाचा तक्ता त्याच्या वॉडकटर गोळीसाठी भार देतो का? पुंगळीत खोल बसणारी ती सपाट तोंडाची गोळी असल्यामुळे दुसऱ्या गोळीचा आकडा तिला चालत नाही.

मांडवीकाठ (पणजी)

ते मी त्याला विचारलेले नाही. तक्त्यात त्या गोळीचा भार नसेल तर ती दारू तिच्यामागे घालू नकोस, असे त्याला आजच कळवतो. तेवढ्यापुरते आपले म्हणणे मान्य. दुप्पट मापाचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही.