बारावीला कमी मार्क, तरी पुढं शिकलात? सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

साखरपेठकर:
आज निकाल लागला. आमच्या बोळातल्या एका पोरीला आर्ट्सला ४७ टक्के. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. पास झालीय पोरगी, पण घरात पेढा आला नाही. शेजारची एक बाई तिच्यासमोरच म्हणाली, "आता स्थळं बघा." माझं डोकं फिरलं आणि २००१ चा उन्हाळा आठवला. मला ४६ होते. तेव्हाही लोक असंच बोलले होते. आर्ट्सच्या पहिल्या यादीत नाव नव्हतं, दुसऱ्या यादीतही नव्हतं. तिसरी लागल्यावर विनाअनुदानित तुकडीत जागा मिळाली, फी जास्त. आईनं बिशी उचलून भरली. तेव्हा आपली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली, मार्कशीटचं काही निघालं की कोल्हापूरची एसटी. २००४ ला सोलापूरचं स्वतःचं विद्यापीठ झालं. पुढं नोकरी करता करता केगावला त्याच विद्यापीठात एम.ए. केलं, तिथं बारावीचं कुणी विचारलंसुद्धा नाही. त्या पोरीला वाचून दाखवायचंय. लिहा सगळ्यांनी.

नट_बोल्ट:
दहावी ४१. बारावीच्या वाटेला गेलोच नाही. डिप्लोमाला दहावीला ३५ टक्के लागतात, तेवढे होते. गणित तिथंच कळालं, कारण सर वर्कशॉपमध्ये लेथपाशी उभं करून शिकवायचे. डिप्लोमाला चांगले पडले, मग डायरेक्ट सेकंड इयर इंजिनिअरिंग. आयटीआयवाले पण दोन वर्षाचा ट्रेड करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतात, हे लई जणांना माहीतच नसतं.

बार्शीची_माई:
@साखरपेठकर त्या बाईला माझा निरोप सांग, स्थळं पळून जात नाहीत.

गड्डा_फॅन:
कमी का पडले ते मी सांगतो 😀 जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आणि त्याच्याच मागं प्रिलिम. पाळणे फिरायलेत, भोंगे वाजायलेत, आणि घरचे म्हणणार बस अभ्यासाला.

नट_बोल्ट:
@गड्डा_फॅन काय बोलूलालास बे, मी तर नंदीध्वजाच्या मिरवणुकीत असायचो. यंदा आलतास का?

गड्डा_फॅन:
आलतो की. लेकीला खांद्यावर घेऊन अक्षता सोहळा दाखवला. असो, अनुभव म्हणाल तर माझा बी.कॉम. बारावीला ४३. पाच वर्षांच्या लॉला ओपनला ४५ लागतात, म्हणून आधी पदवी केली, तिथं ४५ च्या वर नेलं आणि मग तीन वर्षांचं लॉ. सीईटी द्यावी लागते. जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करतो.

शेंगाचटणी:
भाकरी तव्यावर आहे, थोडक्यात लिहिते. दहावीनंतर लग्न. धाकटा शाळेत गेल्यावर मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारीचा कोर्स केला, तेव्हा तो करून बारावीशिवाय बी.ए.ला बसता यायचं. रविवारी केंद्रावर तास. माझ्या शेजारी एक रिक्षावाले दादा आणि एक नर्सताई बसायच्या. नर्सताई अजून भेटतात. पदवीचा कागद आला तेव्हा सासूबाईंनी स्वतः जाऊन फ्रेम करून आणली, देवघराच्या वर लावली. पाहुणे आले की आधी तोच दाखवतात.

बार्शीची_माई:
डोळ्यात पाणी आणलंस गं. सासूबाईंना नमस्कार सांग.

मोहोळहून:
मला सल्ला पाहिजे होता. मुलाचा सायन्सला केमिस्ट्री राहिलाय. निकाल लागल्यापासून खोलीतून बाहेर येईना. त्याचे बाबा म्हणतात दुकानावर बसू दे.

साखरपेठकर:
@मोहोळहून ताई, आधी त्याच्याजवळ जाऊन बसा, मार्काचं काही बोलू नका. मग पुरवणी परीक्षेचा फॉर्म ज्युनिअर कॉलेजमधूनच भरायचाय, तारीख उद्याच विचारून ठेवा. वर्ष वाया जाईलच असं नाही.

नट_बोल्ट:
आणि ताई, इंजिनिअरिंग करायचं म्हणत असेल तर नुसतं पास होऊन भागत नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून ४५ टक्के लागतात, राखीवला ४०. सीईटी कितीही चांगली गेली तरी ही अट सुटत नाही. कमी भरत असतील तर बी.एस्सी. नाहीतर डिप्लोमा. तो काय म्हणतो ते विचारा.

मोहोळहून:
त्याला मशीनची आवड आहे. पंखा, मिक्सर सगळं खोलून बसतो.

नट_बोल्ट:
मग तर डिप्लोमा बघाच. दहावीला किती होते?

मोहोळहून:
५८

नट_बोल्ट:
हुकमी. दाखल्याच्या झेरॉक्स आणि जातीचा, उत्पन्नाचा दाखला काढायला टाका आत्ताच, तहसीलला नंतर गर्दी होते.

शेंगाचटणी:
भाकरी झाल्या. @साखरपेठकर, ती पोरगी कुठल्या विषयाचं म्हणते?

साखरपेठकर:
आत्ता विचारून आलो. इतिहास म्हणते. आई म्हणते, फी किती सांगा आधी.

गड्डा_फॅन:
पहिल्या यादीत नाव नाही आलं तर विनाअनुदानितला लगेच पैसे भरू नका. अनुदानितच्या पुढच्या यादीची वाट बघा, लोक सायन्स-कॉमर्सकडं गेले की जागा सुटतात. स्कॉलरशिपचा ऑनलाईन फॉर्म मी भरून देतो. रविवारी दुपारी घरीच आहे, पाठवा दोघींना.

साखरपेठकर:
पाठवतो. पोरीचं आधार लिंक आहे का बँकेला ते बघतो आधी.