रील की फाइल? विश्वामित्रीच्या निमित्ताने

दांडियाबाजारवाले:
आपल्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीतल्या मगरीची रील धावते. त्याच नदीत सांडपाणी सोडणाऱ्या नळाला कुत्रं विचारत नाही. मग कार्यकर्तेही मगरच शोधत फिरतात आणि काठावरचा भराव राहतो बाजूला. वर ग्रुपवर येणारे फोटो पुरावा म्हणून कुचकामी. व्हॉट्सॲपवर साधा फोटो धाडला की तो दाबून लहान केला जातो, आतली वेळ आणि अक्षांश-रेखांश गळतात. कॅमेऱ्यात लोकेशन चालू ठेवा, पाठवताना गॅलरी नको, 'डॉक्युमेंट' निवडा. मूळ फाइल फोनमधून उडवू नका.

रावपुरेकर:
फाइल वाचतो कोण, साहेब? २०२० चा ईआयए, म्हणजे प्रकल्पांच्या पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या नियमांचा मसुदा टाळेबंदीत निघाला. ऑनलाइन बोंब झाली म्हणून लोकांना कळलं. हरकतींची मुदत दिल्ली उच्च न्यायालयाने ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि लाखो ईमेल गेले.

दांडियाबाजारवाले:
गेले, पण ढीगभर एकाच साच्यातले. शंभर सारख्या हरकती वाचणारा मुद्दा एकच लिहून घेतो. शिवाय पर्यावरणमंत्र्यांची ईमेलपेटी तुंबली, तक्रार झाली आणि फ्रायडेज फॉर फ्युचर या तरुणांच्या हवामान चळवळीच्या संकेतस्थळाविरुद्ध दिल्ली पोलिसांची नोटीस. आधी चक्क यूएपीए, म्हणजे दहशतवादविरोधी कायदा, मग ती चुकून गेली म्हणत मागे! साचा द्याच, पण त्यात तीन जागा कोऱ्या सोडा: मसुद्याचं कलम, आपलं गाव, तिथे काय बिघडेल.

मांडवी_गेट:
लोकेशन चालू ठेवा, हे अर्धवट सांगताय. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मगरी काठावर खड्डा करून अंडी घालतात. घरट्याच्या जागेची बातमी फुटली की सेल्फीवाले हजर, आणि मादी अंगावर आली तर दोष मगरीचा. मूळ फाइल फक्त वनखात्याला द्या. लोकांसाठी तोच व्हॉट्सॲपने दाबलेला फोटो बरा. फ्रेममध्ये पूल किंवा देवळाचा कळस आला असेल तर तोही कापा. अक्षांश पुसून काय उपयोग, कळस ओरडून पत्ता सांगतो.

रावपुरेकर:
घरट्याचं पटलं. भरावाची जागा मात्र चारचौघांत दाखवायलाच हवी.

दांडियाबाजारवाले:
दाखवा की. पण तारीख बघा. पर्यावरणाचे खटले राष्ट्रीय हरित लवाद ऐकतो; त्याच्या कायद्याच्या कलम १४ खाली सहा महिन्यांत अर्ज हवा, सबळ कारण असेल तर वर ६० दिवस. मोजणी भराव पहिल्यांदा पडला तेव्हापासून, रील गाजली तेव्हापासून नव्हे. आणि अर्ज जातो लवादाच्या पुण्याच्या खंडपीठाकडे, इन्स्टाग्रामकडे नाही.

रावपुरेकर:
त्या अर्जावर तुमच्याशेजारी दुसरी सही कोणाची? तो माणूस रीलखालच्या कॉमेंटांतच सापडतो, साहेब.