ट्रॅफिकचा मामा बरा की कॅमेरा? तुमचे अनुभव सांगा

सुरुवात मीच करतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, बोरघाटाचा उतार. वर १०० चालतं, घाटात चारचाकीला ६०. गप्पांच्या नादात काटा ७४ वर कधी गेला, कळलंच नाही. दोन दिवसांनी मेसेज: २००० रुपये. सोबत माझ्याच गाडीचा फोटो, त्यामुळे बोलायची सोय नाही. जुन्या हायवेला लेझर गनवाली गाडी उभी असली की समोरचे दिवे मारून सावध करायचे. कॅमेऱ्यासाठी कोण दिवे मारणार?



मला मात्र कॅमेराच बरा वाटतो. आमची पाटी परजिल्ह्याची. कुठल्याही गावात शिरलो की शंभर गाड्यांतून हात आडवा येतो तो आम्हालाच. कागद सगळे चोख, तरी "पावती फाडू की बघताय काय ते?" कॅमेऱ्याला एमएच १२ काय नि ०९ काय, सारखंच.



माझी स्कूटर पांढरी. चलनावरच्या फोटोत काळी, वर अनोळखी दाढीवाला, नंबर तेवढा माझा! महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार टाकली आणि वाट बघत बसले. शेवटी चौकीत गेले. हवालदारांनी फोटो बघितला न बघितला, "ताई, ही तुमची नव्हेच. बनावट पाटीची तक्रार आधी नोंदवा." मशीनला रंग दिसला नव्हता.



इंग्लंडमधून. ताशी ३० मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ३६ ने गेलो. चौदा दिवसांच्या आत घरी पत्र हजर. दंड नको असेल तर स्वतःच्या खर्चाने वेगाविषयीचा वर्ग करा म्हणे. केला. चाळिशीत पुन्हा बाकावर बसलो, पण थांबायला किती अंतर लागतं ते तिथे पहिल्यांदा डोक्यात शिरलं.



वडील वाहतूक शाखेत होते. चिरीमिरीचे विनोद आम्ही शाळेपासून ऐकलेत, आणि सगळे खोटे नव्हते हेही माहीत आहे. पण सिग्नल लाल असताना अँब्युलन्सला वाट करून द्यायला चौकात माणूसच लागतो. उन्हात उभं राहून त्यांचे पाय सुजायचे. आई रात्री गरम पाण्याचं घमेलं ठेवायची.



द्रुतगतीवर आता दोन कमानींमधला वेळ मोजून सरासरी वेगही काढतात. एका कॅमेऱ्यापुढे ब्रेक दाबून भागत नाही. हे सासरेबुवांना समजावलं, तर म्हणाले, "मग मधे वडापाव खायला थांबू की. सरासरी आपोआप खाली येईल."