फौजेचं पिस्तूल बदलायला एवढा उशीर का?

भडगावकर:
आपल्या फौजेत अजून ९ एमएम १ए पिस्तूल चालतंय, म्हणजे १९३५ची ब्राउनिंग हाय-पॉवर, फक्त बंगालातल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली. ब्रिटिशांनी हीच ब्राउनिंग २०१३ला काढून ग्लॉक १७ पिस्तूल घेतलं, मॅगझिनमध्ये १३ च्या जागी १७ गोळ्या. आपण कधी घेणार? आमच्याकडची पोरं पहाटे अंधारात रस्त्यावर पळून भरतीची तयारी करतात, त्यांना देश काय देतो हे विचारायला नको?

वरणगाववाला:
भाऊ, पोरांच्या हातात रायफल असते, पिस्तूल बहुतेक अधिकाऱ्याकडं नाहीतर रणगाड्यातल्या माणसाकडं. आधी जवानांची जुनी इन्सास रायफल बदलायची होती, २०२१ला एके-२०३ रायफलच्या ६ लाखांवर नगांचा करार झाला, बरोबरच झालं. पैसा एकाच खिशातून जातो.

माजी फौजी, पारोळा:
पैशाचं कारण पटत नाही भो. कार्बाइनचं, म्हणजे जवळच्या लढाईच्या आखूड बंदुकीचं काय झालं? २०१८ला ९३,८९५ नगांसाठी अमिरातीची कॅराकल कंपनी सगळ्यात स्वस्त ठरली, २०२०ला सगळंच रद्द, तोवर जवान जुन्या स्टर्लिंग कार्बाइनवरच. आणि रायफल अडकली, समोरचा दहा पावलांवर आला, तेव्हा पिस्तुलाशिवाय आहे काय जवळ? या जुन्या पिस्तुलाचा घोडा, म्हणजे मागचा हातोडा, आधी मागे ओढलेला पाहिजे, नाहीतर चाप दाबून काही होत नाही, आणि घोडा ओढून सेफ्टी लावून ठेवलं तर तो एवढासा खटका बर्फात जाड हातमोज्यातून अंगठ्याला सापडला पाहिजे. ग्लॉकला ही भानगडच नाही, काढा आणि चालवा.

वरणगाववाला:
दादा, तुमचा अनुभव मान्य, पण घाई नको. अमेरिकेच्या फौजेनं २०१७ला सिग कंपनीचं पिस्तूल निवडलं, निविदा साडेतीनशेवर पानांची, तरी चाचणीत पिस्तूल खाली पडल्यावर आपोआप सुटलं आणि चाप बदलावा लागला. हे आपल्या जवानाच्या कमरेला झालं तर?

भडगावकर:
चाचणी कराच ना, पण तिला मुदत पाहिजे! महूचं इन्फन्ट्री स्कूल आणि पुण्याची एआरडीई, म्हणजे डीआरडीओची शस्त्रं बनवणारी प्रयोगशाळा, दोघांनी अस्मी मशीन पिस्तूल चार महिन्यांत उभं केलं, जानेवारी २०२१ला लोकांसमोर आलं. फौजेची ५५० ची ऑर्डर कधी? २०२४ला. बनवणारे आपल्याकडं आहेत, फाइल हलत नाही.

वरणगाववाला:
मुदतीचं मान्य. क्रम मात्र मी बदलणार नाही, आधी रायफल, कार्बाइन, मग पिस्तूल.

माजी फौजी, पारोळा:
तिन्ही एकदम का नाही? एका निविदेसाठी दुसरी थांबवायची काही गरज नसते.