निरोगी माणसाने ट्यूमर मार्कर कशाला करायचे?

"रक्त द्यायचंच आहे, तर सगळ्याच तपासण्या उरकून घ्याव्यात, नुकसान तर काही नाही," असं हेल्थ चेकअपच्या पॅकेजमधल्या ट्यूमर मार्करबद्दल (कर्करोगात रक्तात वाढू शकणाऱ्या पदार्थांच्या तपासण्या) बरेच जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. नुकसान होतं, मी ते घरात पाहिलंय.

अहवालातली 'नॉर्मल' मर्यादा बहुतेकदा ९५ टक्के निरोगी लोक तिच्यात बसतील अशी आखतात. म्हणजे एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही एखादा तरी आकडा बाहेर जाण्याची शक्यता जवळपास ६४ टक्के!

माझ्या मावशीला काहीही त्रास नव्हता. पॅकेजमध्ये होती म्हणून सीए-१२५ ही ट्यूमर मार्करची तपासणी झाली. आकडा ठळक अक्षरात, शेजारी वर जाणारा बाण. मग सोनोग्राफी, एमआरआय, आणि तीन आठवडे डोळ्याला डोळा नाही. निघाल्या गर्भाशयातल्या साध्या गाठी. त्यांनी हा आकडा वाढतो. अगदी पाळीच्या दिवसांतही वाढतो. अंडाशयाच्या कर्करोगावर उपचार चालू असताना लक्ष ठेवायला तो उपयोगी, निरोगी बाईत रोग शोधायला नाही.

गळ्याच्या सोनोग्राफीचंही तेच. दक्षिण कोरियात ती सर्रास होऊ लागल्यावर २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचं निदान १९९३ च्या १५ पट झालं, मृत्यूंचं प्रमाण मात्र होतं तिथेच राहिलं. हजारोंच्या ग्रंथी काढल्या, जन्मभराच्या गोळ्या मागे लागल्या.

रक्तदाब, वयानुसार साखर, बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी जरूर करा. पण काही लक्षणं नसताना यादीत सीईए, सीए १९-९ असे ट्यूमर मार्कर दिसले, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा आणि खोडायला सांगा.