मदत हवी आहे : प्रौढ बायकांच्या वाचनवर्गासाठी

नमस्कार मंडळी. कराड तालुक्यातल्या आमच्या गावात देवळाच्या सभामंडपात रात्री साडेआठला बायकांचा वाचनवर्ग घेते. 11 जणी येतात, सगळ्या चाळिशीच्या पुढच्या. (मालिकेची वेळ सोडून येतात, हे लहान काम नाही!) भाऊराव पाटलांनी 1919 साली रयतची सुरुवात केली ते काले आमच्याच तालुक्यातलं, आणि इथे अजून अंगठे उठतात, याची लाज वाटली म्हणून सुरू केलं.

अडचण अशी की पहिलीचं पुस्तक त्यांना नको. एक आजी सरळ म्हणाली, "बाई, मला कमळ-बदक वाचून काय करायचंय? सातबाऱ्यावर माझं नाव हाय का ते बघायचंय." खरंच आहे. मग आता पासबुक, एसटीची पाटी, लाइट बिल यांवरच शिकवते. पण जोडाक्षरं आली की गाडी अडते. 'क्षेत्र' आणि 'हस्तांतरण' कसं सोडवायचं सांगा ना कुणी. दुसरं, निम्म्या जणींना अक्षर दिसतच नाही, हे मला महिनाभराने कळलं. मी आपली समजत होते की डोक्यात शिरत नाही. जवळचं दिसायचे चष्मे स्वस्तात कुठे मिळतील? आणि भांगलणीच्या दिवसांत वर्ग रिकामा पडतो, तेव्हा काय करता तुम्ही?

उल्लासच्या (म्हणजे केंद्र सरकारच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाच्या) 150 गुणांच्या परीक्षेला कुणी बायका बसवल्या असतील तर तयारी कशी केली तेही लिहा. इथल्या दोघी बसायच्या म्हणतात.